येऊ दे, येऊ दे

प्रिय बाळ्या,

फोनवर तू विचारलंस ट्रिप कशी झाली आणि मी नुसतं मस्त म्हणाले, कारण बाबा शेजारीच उभे होते. आता ते गाडीसाठी कसलीशी नळी आणायला गेलेत, म्हणजे दोन तास तरी येत नाहीत, तेवढ्यात सगळं लिहून टाकते.

ही आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, घेऊ नका म्हणून तू पाठवलेली ती एक्सेल शीट मी नीट वाचली होती बरं का. एवढ्या पैशात वर्षाला किती रात्री चांगल्या हॉटेलात काढता येतील वगैरे. बरोबरच होतं तुझं. गॅलनला साडेआठ मैल देते ही बया, आणि टाकी ५५ गॅलनची, पंपावर आकडे पळताना मी बघतच नाही, खिडकीतून दुसरीकडे बघते.

व्हर्जिनियातल्या शेनान्डोआ नॅशनल पार्कला जायचं ठरलेलंच होतं. बाबांनी ९५ नंबरचा हायवे नको म्हणून सांगितलं, का तर बाल्टिमोरच्या बोगद्यांतून आपल्यासारखी प्रोपेनची मोठी टाकी न्यायला बंदी, आणि ज्या फ्रान्सिस स्कॉट की पुलावरून असल्या गाड्या वळवायचे तो मार्च २०२४ मध्ये जहाज धडकून पडला. मग एडिसनहून ७८ आणि पुढे ८१. एका दिवसात पाच राज्यं झाली, वेस्ट व्हर्जिनिया तर मी डबा उघडून पोळीभाजी खाईपर्यंत संपलं. डबा कसला, अलेनटाउनच्या आधीच एका वळणावर फ्रिजचं दार उघडलं आणि विरजलेलं दही अख्खं खाली. गाडी चालू करायच्या आधी फ्रिजला कडी लावायची असते हे डीलरच्या माणसाने सांगितलंच नव्हतं, वीस मिनिटांत सगळं दाखवून किल्ली हातात देऊन मोकळा झाला तो. अजून गाडीत वास आहे. तू आलास की कळेलच.

पार्कात शिरलो फ्रंट रॉयलकडून. बाबांनी पुन्हा हळहळून झालं की बासष्टच्या पुढच्यांचा नॅशनल पार्कांचा सीनियर पास २०१७ च्या ऑगस्टपर्यंत दहा डॉलरला मिळायचा, आता ऐंशी. मी म्हटलं अहो तेव्हा आपण बासष्टचे कुठे होतो, आणि जन्मभर चालतो ना, कॅम्पिंगही निम्म्या भाड्यात, मग झालं की. पण हळहळायचा त्यांचा हक्क आहे.

पार्कातला स्कायलाइन ड्राइव्ह हा रस्ता १०५ मैलांचा आहे आणि ताशी ३५ मैलांच्या वर जायचं नाही. झाडं इतकी लाल झालेली की मला बोलायला सुचेना, आणि बाबांना बोलायला वेळच नव्हता, दोन्ही हात स्टिअरिंगला चिकटलेले. बत्तिसाव्या मैलाला मेरीज रॉकचा बोगदा आहे, १९३२ मध्ये खडक फोडून काढलेला, त्याची उंची बारा फूट आठ इंच. आपली गाडी टपावरचा एसी धरून अकरा फूट चार इंच, हे त्यांनी स्वतः मोजून व्हायझरवर स्टिकर लावलंय, तरी बोगद्याच्या तोंडाशी गाडी थांबवून खाली उतरले, टप बघितलं, पाटी बघितली, परत टप बघितलं. मागे सात-आठ गाड्या. शेवटी आत घेतली आणि मी आपली मान खाली घातली, जशी काही मीच टपावर बसलेय.

खरी गोष्ट पुढेच आहे. बिग मेडोजच्या कॅम्पग्राउंडला पोचेपर्यंत अंधार पडायला आला आणि धुकं उतरलं. साडेतीन हजार फुटांवर आहे ते. आपली जागा अशी की गाडी रिव्हर्सच घालायला हवी, एका बाजूला झाड, दुसऱ्या बाजूला लाकडी टेबल. मागचा कॅमेरा धुक्याने पांढरा. व्हिडिओत बघून आमचं ठरलं होतं की मी खाली उभी राहून फोनवर सांगायचं, तर फोनला रेंजच नाही. मग मी हातवारे करते तर ते काचेतून ओरडतात, "डावीकडे म्हणजे तुझ्या का माझ्या?" तीनदा आत, तीनदा बाहेर. शेजारचा म्हातारा कुत्रं घेऊन खुर्ची टाकून बसलेला, त्याला फुकटचा तमाशा. चौथ्यांदा टेबलाला लागता लागता राहिली आणि मग आमचं जुंपलं, मराठीत म्हणून बरं.

तेव्हा मला काय सुचलं माहितीये? तुझे आजोबा एसटीत कंडक्टर होते हे तुला माहितीच आहे, मंगळवेढ्याला मुक्कामाची गाडी लावताना ते मागे उभे राहून पत्र्यावर थाप मारायचे आणि आम्ही पोरं बघत बसायचो. ड्रायव्हर आरशात बघतही नसे, नुसत्या आवाजावर गाडी यायची. मी आत गेले, ड्रॉवरमधून लाटणं काढलं आणि मागच्या बंपरवर ठोकायला लागले, आणि तोंडाने, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे, डावीकडं मार, येऊ दे... बस्स!" आणि एक जोरात. गाडी थांबली. अगदी मधोमध. म्हाताऱ्याने टाळ्या वाजवल्या.

रात्री पिठलं टाकलं तर मोहरी तडतडायच्या आत डोक्यावरचा स्मोक अलार्म केकाटायला लागला, बाबा टॉवेलने वारा घालतायत, मी खिडक्या उघडतेय, आणि खिडकी उघडली की मला वाटायचं आता लसणाच्या वासाने अस्वल येणार. (आलं नाही. दोन हरणं मात्र सकाळी दाराशी होती.) जेवून आडवे झालो, तिथे लाइटचं कनेक्शन नाही, जनरेटरही ठरावीक वेळातच चालवायचा, म्हणून सगळं बंद करून आजीची गोधडी घेऊन पडलो. जरा वेळाने बाबा म्हणाले, "मगाशी तू मला येऊ दे म्हणालीस." मी म्हटलं, कधी? "गाडी लावताना. सदतीस वर्षांत पहिल्यांदा अरेतुरे केलंस." मला इतकं हसू यायला लागलं ना बाळ्या, गाडी हलायला लागली. मी म्हटलं कंडक्टर ड्रायव्हरला अहोजाहो करत बसला तर गाडी भिंतीत जाईल. ते गप्प. मग म्हणाले, "बरं वाटलं."

आता हे मी तुला का लिहितेय तर घरी आम्ही दोघं वर-खाली एकमेकांना फोन करतो हे तूच चेष्टेने सांगत असतोस सगळ्यांना. चार बेडरूम, रुसायला जागाच जागा. या चोवीस फुटांत रुसून जाणार कुठे, बाथरूममध्ये? तिथे तर नीट वळताही येत नाही. आणि साखर कुठेय हे विचारायची सोयच नाही, हात लांब केला की साखर. तर बाबांनी चहा केला. तिन्ही दिवस. पाणी जपून वापरायचं ते मला काही नवीन नाही, एका तांब्यात तोंड धुवायला आम्ही लहानपणीच शिकलोय, बाबांनाच शॉवर बंद करा म्हणून ओरडावं लागायचं.

निघताना डंप स्टेशनला, म्हणजे गाडीतलं सांडपाणी सोडायच्या जागी, तर मला गाडीतून उतरूच दिलं नाही. हातमोजे घालून एकट्याने सगळं केलं, आधी काळी टाकी म्हणजे संडासची, मग करडी म्हणजे भांड्या-आंघोळीची, तिच्यातल्या साबणाच्या पाण्याने नळी आपोआप धुऊन निघते. ज्या माणसाने घरात कधी स्वतःचा कप विसळला नाही तो नळी हलवून हलवून शेवटचा थेंब काढत होता. त्या नळीचीच क्लिप तुटली, तीच आणायला गेलेत.

परत येताना प्रत्येक स्टॉपला हेच, मी लाटण्याने दारावर दोनदा टकटक केल्याशिवाय गाडी हलवत नाहीत. पंपावरही. लोक बघतात.

थँक्सगिव्हिंगला येशील तेव्हा एक नवीन लाटणं घेऊन ये, याचं टोक झिजलं. आणि बाबांना अरेतुरेचं मी तुला सांगितलंय हे कळू देऊ नकोस.

तुझी,
आई

ता.क. दही सांडल्यावर कार्पेटचा वास कशाने जातो ते जरा बघून कळव. बेकिंग सोडा झाला, व्हिनेगर झालं.