अर्खेलावाला मुकुट का मिळाला नाही

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

यहुद्यांचा राजा आणि रोमचा मांडलिक हेरोद, त्याच्या मुलाला, अर्खेलावाला, राज्य मिळालं आणि राजा ही पदवी मात्र मिळाली नाही, हे कसं, असं तू विचारलंस. बहुतेक लोक अर्खेलावाला बापासारखाच क्रूर ठरवून विषय संपवतात. मला ते पटत नाही. क्रौर्य होतंच, पण त्याचा घात झाला तो बाप मेल्यापासून रोमची मंजुरी येईपर्यंतच्या मधल्या काही आठवड्यांत.

रोमच्या मांडलिकाचं राजेपण त्याच्या घराण्याला दिलेलं नसे, त्या एका माणसाला दिलेलं असे. हेरोदाला इ.स.पू. ४० मध्ये सिनेटने राजा केलं, इ.स.पू. ३० मध्ये ऑक्टेव्हियनने, म्हणजे पुढच्या ऑगस्टस सम्राटाने, ऱ्होड्सला ते कायम केलं. हेरोद मेला की ती मंजुरीही संपली. वारस सुचवायची मुभा त्याला होती, पण मृत्युपत्र लागू व्हायला ऑगस्टसचा होकार लागे. त्यात हेरोदाने ते शेवटच्या आजारपणात पुन्हा बदललं. आधीच्या मृत्युपत्रात अंतिपास राजा होता. मरणाच्या काही दिवस आधी अर्खेलाव राजा झाला, अंतिपासकडे गालील आणि पेरिया हे प्रांत, फिलिपकडे ईशान्येचा मुलूख. म्हणजे राजेपदाचं कागदोपत्री वचन मिळालेले दोन भाऊ एकाच वेळी रोमला जाणार, हे तिथेच ठरून गेलं.

अशा वारसाने करायचं काय, तर मृताची मुद्रा आणि राज्याचे हिशेब सीझरकडे, म्हणजे ऑगस्टसकडे, पोचते करायचे, स्वतः रोमला जायचं, आणि तोवर देश शांत ठेवायचा. अर्खेलावाने सुरुवात नीट केली. यरीहोला सैन्य त्याच्या डोक्यावर मुकुट चढवायला निघालं होतं, त्याने नकार दिला. बापाला हेरोदियमला नेऊन पुरलं, सात दिवस सुतक पाळलं. मग जेरुसलेमच्या मंदिरात आला आणि सोन्याच्या आसनावर बसला. इथे पहिली चूक. मुकुट नाकारणारा माणूस सिंहासनावर बसलेला सगळ्यांनी पाहिला.

दुसरी चूक याहून मोठी. लोकांनी कर कमी करा, खरेदी-विक्रीवरचा कर काढा, कैदी सोडा अशा मागण्या केल्या आणि त्याने सगळ्यांना होकार दिला. देण्याचा अधिकारच हातात नसताना! मग मागण्या वाढल्या. मंदिराच्या दारावरचा सोन्याचा गरुड तोडला म्हणून हेरोदाने यहूदा आणि मत्तथिया या दोन धर्मगुरूंना जिवंत जाळलं होतं. लोक त्यांच्यासाठी उघड शोक करू लागले, हेरोदाने नेमलेला मंदिराचा प्रमुख याजक हटवा म्हणाले. एवढ्यात वल्हांडण हा यहुद्यांचा मोठा सण आला आणि गावोगावचे यात्रेकरू शहरात भरले. अर्खेलावाने एक तुकडी पाठवली, जमावाने तिच्यावर दगडफेक करून बरेच सैनिक मारले. मग त्याने सगळं सैन्य सोडलं, पायदळ शहरातून आणि घोडदळ बाहेरच्या मैदानातून. सुमारे ३,००० माणसं मेली, कितीतरी जण बळी अर्पण करत असताना. उरलेल्यांना घरी पिटाळून सणच बंद केला. अजून राजा न झालेल्या माणसाने हे केलं, हे वाचताना आजही अंगावर काटा येतो.

अर्खेलाव रोमला निघून गेल्यावर मागे जे झालं त्याला रोमचेच अधिकारी जबाबदार. सिरियाचा रोमन सुभेदार वारूस एक लेजियन, म्हणजे काही हजार सैनिकांचं पथक, जेरुसलेमला ठेवून परतला. सीझरच्या मालमत्तेचा कारभारी साबिनुस याने राजवाडा बळकावून कोषागाराचे हिशेब मागायला सुरुवात केली. वल्हांडणानंतर पन्नास दिवसांनी येणाऱ्या सणाला लोक पुन्हा जमले आणि लढाई पेटली. मंदिराच्या ओवऱ्या जळाल्या, मंदिराचा खजिना लुटला गेला. साबिनुसने उघडपणे ४०० टॅलेंट घेतले. बंड गालीलपर्यंत पसरलं. वारूस आणखी दोन लेजियन घेऊन आला, गालीलमधलं सेप्फोरिस शहर जाळून तिथल्या लोकांना गुलाम केलं, आणि सुमारे २,००० जणांना क्रुसावर चढवलं.

तिकडे रोममध्ये आत्या शलोमेचा मुलगा अंतिपातर अर्खेलावाविरुद्ध उभा राहिला. त्याचा मुद्दा बिनतोड होता: हा सीझरकडे मागतोय ती सावली, मूळ वस्तू त्याने आधीच उचलली, आसनावर बसला, माणसं मारली. शिवाय शेवटचं मृत्युपत्र लिहिताना हेरोदाची बुद्धी ठिकाणावर नव्हती. अर्खेलावाच्या बाजूने दमास्कसच्या निकोलाउसने उत्तर दिलं, की अंतिम निर्णय सीझरवर सोडणारा माणूस बुद्धिभ्रष्ट कसा म्हणायचा? हेही तितकंच तोडीस तोड. मग यहुदियातून ५० जणांचं शिष्टमंडळ आलं, रोममधले ८,००० यहुदी त्यांच्या पाठीशी उभे राहिले. त्यांचं म्हणणं, राजा नकोच. आम्हाला सिरियाला जोडा.

ऑगस्टसने अर्धं राज्य अर्खेलावाला दिलं: यहुदिया, शोमरोन, इदोम. पदवी 'एथनार्क', म्हणजे लोकांचा प्रमुख. लायकी दाखवलीस तर राजा करीन, हे आश्वासन. भाऊ झाले 'टेट्रार्क', म्हणजे त्याहून खालच्या दर्जाचे अधिपती. आता उत्पन्न बघ. अंतिपासला वर्षाला २०० टॅलेंट, फिलिपला १००. अर्खेलावासाठी जोसेफस हा त्या शतकातला यहुदी इतिहासकार एका ग्रंथात ४०० लिहितो, दुसऱ्यात ६००. एक टॅलेंट म्हणजे ६,००० द्राख्मा. ६०० धरले तरी ३६ लाख. यातून शोमरोनला करात चौथा हिस्सा सूट द्यावी लागली, कारण ते बंडात उतरले नव्हते. गाझा, गदारा आणि हिप्पोस ही ग्रीक शहरं काढून सिरियाला जोडली.

पुढची दहा वर्षं त्याने हात आवरला नाही. प्रमुख याजक बदलत राहिला. यरीहोचा वाडा पुन्हा बांधला आणि नेआरा गावाचं निम्मं पाणी वळवून खजुराच्या नव्या बागांना दिलं. सावत्र भावाची विधवा ग्लाफिरा हिच्याशी लग्न केलं. तिला त्या भावापासून मुलं होती, त्यामुळे यहुदी नियमशास्त्राप्रमाणे हे लग्न निषिद्धच. इ.स. ६ मध्ये यहुदी आणि शोमरोनी, जे एकमेकांना पाण्यात पाहत, दोघांनीही मिळून सीझरकडे तक्रार केली. ऑगस्टसने त्याला पत्रसुद्धा लिहिलं नाही, माणूस पाठवून बोलावून घेतलं. मालमत्ता जप्त झाली, हद्दपारी गॉलमधल्या व्हिएन्नला. पाठोपाठ सिरियाचा सुभेदार क्विरिनियस याने करासाठी लोकांची आणि मालमत्तेची मोजणी लावली आणि कोपोनियस हा रोमन अधिकारी कारभाराला आला. शिष्टमंडळाने दहा वर्षांपूर्वी मागितलेलंच मिळालं, आणि त्या मोजणीवरूनच गालीलच्या यहूदाचं बंड उठलं.

नाण्यांबद्दलही विचारलं होतंस. अर्खेलावाची नाणी सगळी तांब्याची किंवा काशाची, चेहरा कशावरच नाही. द्राक्षाचा घड, शिरस्त्राण, गलबत, जहाजाचा नांगर असली चिन्हं. नाव अर्खेलाव नसून ग्रीकमध्ये 'हेरोद' असतं, त्यामुळे बापाचं समजून लोक फसतात. पुढची पदवी वाच. 'एथनार्क' असेल तर नाणं याचं.

फिलिपने मात्र त्याच ऑगस्टसच्या मंजुरीवर इ.स. ३४ पर्यंत, मरेपर्यंत, निवांत राज्य केलं. न्यायासन सोबत घेऊन फिरायचा, वाटेत कुणी दाद मागितली की तिथेच ते मांडून निवाडा द्यायचा. त्याच्यावर पुढच्या पत्रात लिहितो.

घरी सर्वांना नमस्कार सांग.

तुझा,
अनंत