बक्षीसपत्राने भाड्यावरचा कर हलत नाही

संपादक महोदय,

सा. न. कालच्या पुरवणीत ‘फ्लॅट पत्नीला बक्षीस द्या, भाडे तिच्या विवरणपत्रात दाखवा’ असा सल्ला छापलात. कृपया तो दुरुस्त करा. एव्हाना कुणीतरी बक्षीसपत्र नोंदवायला दुय्यम निबंधकांकडे वेळ घेतलीही असेल.

महाराष्ट्रात निवासी घर पत्नीला बक्षीस देताना मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये लागते, हे खरे. पण ती सवलत मुद्रांक कायद्यातली. १९६१च्या प्राप्तिकर कायद्याचे कलम २७ सांगते की पुरेसा मोबदला न घेता घर पती किंवा पत्नीला दिले, तर देणाराच मालक मानला जाईल. इंडेक्स-२ वर (दस्तनोंदणीच्या उताऱ्यावर) पत्नीचे नाव, भाडे तिच्या खात्यात आणि कर मात्र पतीला! २०२५च्या नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले, तरतूद तीच आहे. घराऐवजी रोख रक्कम देऊन पत्नीच्या नावे घर घेतले, तरी भाडे पतीच्याच उत्पन्नात मिळवले जाते. भाडेकरार फक्त पत्नीच्या नावे केल्याने तर काहीच होत नाही, कारण कर मालकावर आहे, भाडे घेणाऱ्यावर नाही.

भाड्याच्या उत्पन्नाची वाटणी होते ती खरेदीच्या वेळी. दोघांनी आपापल्या कमाईतून, आपापल्या खात्यातून बिल्डरला पैसे द्यावेत आणि खरेदीखतात हिस्से टक्क्यांत लिहावेत. हिस्सा लिहायचा राहतो आणि पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. कर्ज असेल तर दोघे सहकर्जदार हवेत आणि हप्तेही दोघांच्या खात्यातून जायला हवेत. पत्नीचे नाव केवळ सोय म्हणून घातले असेल आणि पैसा सगळा पतीचा असेल, तर ‘निम्मे-निम्मे’ टिकत नाही.

तुमच्या उदाहरणातले भाडे दरमहा ४०,००० आहे, म्हणजे वर्षाचे ४,८०,०००. भरलेली घरपट्टी २०,००० वजा केली की ४,६०,००० उरतात. त्यातून कायद्याने दिलेली ३० टक्क्यांची सरसकट वजावट म्हणजे १,३८,००० गेले की ३,२२,०००. पैसे ७०:३० घातले असतील तर २,२५,४०० आणि ९६,६०० असे दोन विवरणपत्रांत जाईल. तुम्ही रंगकाम आणि प्लंबरचे बिल वेगळे वजा केलेत, ते चूक आहे. दुरुस्ती त्या ३० टक्क्यांतच आली, खर्च शून्य असो की लाखभर.

भाडेकरू कंपनी असेल तर आणखी एक काळजी घ्या. टीडीएस (भाडे देतानाच कापला जाणारा कर) एकाच्याच पॅनवर कापला गेला, तर २६एएसमध्ये, म्हणजे करखात्याकडच्या कापलेल्या कराच्या तपशिलात, सगळे भाडे त्याच्याच नावे दिसते आणि विवरणपत्राशी जुळत नाही. करारातच दोघांचे हिस्से आणि पॅन लिहा, भाडे दोन खात्यांत मागा. एकाच्या पॅनवर कापला जात असेल, तर नियम ३७बीएप्रमाणे (१९६२च्या प्राप्तिकर नियमांतला क्रमांक) कंपनीला वेळीच लेखी घोषणापत्र द्या.

गोव्यातल्या वाचकांचा तर लेखात उल्लेखही नाही, आणि तुमची आवृत्ती पणजीत विकली जाते! तिथल्या, नवरा-बायकोची मालमत्ता समाईक मानणाऱ्या नागरी कायद्याखालील दांपत्यांचे घरभाडे १९६१च्या प्राप्तिकर कायद्यातल्या कलम ५एप्रमाणे निम्मे-निम्मेच धरायचे असते, घर एकाच्या नावावर असले तरी. पगार तेवढा त्यातून वगळला आहे. त्यांच्यासाठी आयटीआर-१ हा विवरणपत्राचा सोपा नमुना चालत नाही. आयटीआर-२ या नमुन्यात शेड्यूल ५ए हा तक्ता भरून जोडीदाराचा पॅन द्यावा लागतो.

दुरुस्ती पुढच्या पुरवणीत, लेखाच्याच जागी छापावी, ही विनंती.

आपला,
एक करसल्लागार, डोंबिवली