पागणाऱ्यांचीही नोंद व्हावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य सरकारने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला, तेव्हा आमच्या खाडीकाठी आनंदच झाला. होडीवाल्यांना, तळीवाल्यांना सवलती मिळतील. पण ज्याच्याकडे होडीच नाही, जो कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून पाग, म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं, टाकतो, त्याचं काय? आमच्याकडे असे बहुतेक जण साठीपुढचे. दर्यावर जायचा दम सरला किंवा दोरखंडात हात गमावला, की माणूस खाडीत पागायला येतो. म्हाताऱ्या बायका चिखलातून निवट्या मासे, चिंबोऱ्या (खेकडे) धरतात, खडकावरची कालवं (शिंपल्यांतले जीव) फोडतात.

यांचीही कुठे नोंद असावी, हे सुचलं ते अमेरिकेत, फ्लोरिडात मुलीकडे राहायला गेलो होतो तेव्हा. तिथे साधा गळ टाकायलाही परवाना लागतो. मी पडलो पाहुणा, त्यामुळे तीन दिवसांचे १७ डॉलर. माझ्या एकाहत्तरीला सूट नाही. सूट फक्त तिथल्या रहिवाशांना. पासष्टी झाली की त्यांना परवाना लागत नाही, वय आणि पत्ता दाखवणारं ओळखपत्र खिशात असलं की झालं. कायमचं पूर्ण अपंगत्व असलेल्या रहिवाशाला मासेमारी आणि शिकार दोन्हींचा परवाना मोफत. (शिकारीचं सोडा, आपल्याकडे तो विषय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मिटवला.) शेवटी जावयाने मला अशा धक्क्यावर नेलं, जिथे धक्क्याच्याच परवान्यात सगळे येतात. १७ डॉलर वाचले. त्या धक्क्याचा कठडा काही ठिकाणी मुद्दाम ठेंगणा ठेवलेला होता, जेमतेम ३४ इंच. चाकाच्या खुर्चीत बसून गळ टाकता यावा म्हणून. आमच्या जेट्टीच्या पायऱ्यांवर ओहोटीला तरण्यांचे पाय घसरतात.

टेक्सासमध्ये मात्र पासष्टीनंतरही गोड्या पाण्यातल्या मासेमारीचे १२ डॉलर घेतात. इतर रहिवाशांना ३०. पूर्ण माफी १९३१ पूर्वी जन्मलेल्यांनाच. मला आधी हा कंजूषपणा वाटला. मग जावयाने समजावलं. बंदुका आणि मासेमारीच्या सामानावरच्या करातून तिथलं केंद्र सरकार राज्यांना पैसा वाटतं. शिकारीसाठी १९३७ चा कायदा, मासेमारीसाठी १९५० चा. वाटप करताना राज्याचं क्षेत्रफळ बघतात, तशी पैसे भरून परवाना घेणाऱ्यांची संख्याही बघतात. म्हणजे फुकट मासे धरणारा म्हातारा हिशेबात नाही, १२ डॉलरवाला आहे.

आपल्याकडे १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा परवाना देतो तो नौकेला. पागणाऱ्याला कुणी अडवत नाही, हे बरंच आहे. पण त्याला कुणी मोजतही नाही. खाडीत भराव पडला की ते उमगतं. उरण भागातल्या बाधित मच्छीमारांच्या १,६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये द्यावेत, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिला होता. असा पैसा यादीवरून वाटायचा असतो, आणि यादीत नाव घालायला कागद लागतो. आमच्या आळीतली एक आजी जन्मभर कालवं काढत आली. तिच्याकडे आधार कार्डापलीकडे काही नाही, आणि खाऱ्या पाण्याने, कोयत्याने बोटं अशी झिजलीत की ठशाचं यंत्र तिला ओळखतच नाही. तिला घेऊन एका कार्यालयात गेलो, तर पहिला प्रश्न आला, “नौकेचा नंबर?”

पागणाऱ्यांवर परवान्याची सक्ती मुळीच नको. उद्या तोच कागद दाखवून त्यांना हाकलतील. हवं आहे ते बिननौकेच्या मच्छीमाराचं ओळखपत्र. ग्रामपंचायत आणि मच्छीमार सोसायटी यांनी मिळून नाव सांगावं, ज्येष्ठ आणि दिव्यांग यांची नोंद त्यांच्या दारात जाऊन करावी, बोटाचा ठसा उमटत नसेल तर फोटो चालावा. आणि वाटल्यास १० रुपये घ्यावेत, म्हणजे हातात पावती तरी राहील.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते. त्या दिवसांत खात्याच्या माणसांनी भरती उतरताना खाडीवर एक फेरी मारावी. पागणारे सगळे तिथेच भेटतील.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, ता. उरण, जि. रायगड