'नरो वा कुंजरो वा' म्हणजे 'माहीत नाही' नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात 'जुलैच्या पावसाबाबत हवामानतज्ज्ञ नरो वा कुंजरो वा' असा मथळा होता. खालची बातमी वाचली, तर तज्ज्ञांनी सरळ सांगितलं होतं की आत्ताच काही सांगता येणार नाही. ज्याला ठाऊक नाही आणि जो तसं बोलून दाखवतो, त्याला हा वाक्प्रचार लावणं चूक आहे, आणि त्या माणसावर अन्यायही आहे.

युद्धाच्या पंधराव्या दिवशी भीमाने मालवराज इंद्रवर्म्याचा अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला आणि 'अश्वत्थामा मेला' अशी आरोळी ठोकली. द्रोणांना ते पटेना. त्यांनी युधिष्ठिराला विचारलं, कारण हा खोटं बोलणार नाही, याची त्यांना खात्री होती. कीर्तनात इथे शंख वाजतो आणि 'हत्ती' हा शब्द त्यात बुडतो. द्रोणपर्वातल्या त्या श्लोकात शंख नाही आणि 'नरो वा कुंजरो वा' हे शब्दही नाहीत. तिथे आहे, 'अव्यक्तमब्रवीद्राजन् हतः कुञ्जर इत्युत'. हत्ती मेला, हे तो अस्पष्ट बोलला. असत्याची भीती होती आणि जयाची ओढही होती, असं आधीच्याच ओळीत सांगितलंय. जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ तेव्हा खाली टेकला. युधिष्ठिराला सगळं माहीत होतं, हे विसरलं तर या शब्दांत काही उरत नाही.

मी दिवाणी न्यायालयात 31 वर्षं लघुलेखिका होते. 'सदरचा मजकूर खरा नाही व प्रतिवादीस मान्य व कबूल नाही' हे वाक्य कितीदा टंकलं असेल, मोजदाद नाही. अशा मोघम नकाराला 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत, आदेश 8 नियम 3 मध्ये, स्पष्ट अटकाव आहे, आणि उडवाउडवीच्या नकाराला लगेच पुढच्या नियम 4 मध्ये. दहा हजार घेतलेस असा आरोप असेल, तर 'दहा हजार घेतले नाहीत' एवढं म्हणून भागत नाही. त्यातला एक पैसाही घेतला नाही म्हणावं, नाहीतर किती घेतले ते सांगावं. नऊ हजार घेतलेला माणूस 'दहा घेतले नाहीत' म्हणतो तेव्हा तो शब्दशः खरंच बोलत असतो. नरो वा कुंजरो वा म्हणतात ते याला.

आमच्या घरातही हे घडलं. विहिरीकडचा तुकडा काकांच्या वाटणीचा. विकायचा झाला तर आधी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, विचारायचं असं ठरलेलं. गावात कुजबुज सुरू झाली तेव्हा अण्णांनी ओसरीवर विचारलं, "विकलास का रे?" काका म्हणाले, "उताऱ्यावर नाव माझंच आहे, दादा." अण्णांनी दुसऱ्या दिवशी तलाठ्याकडून सातबारा आणला. नाव काकांचंच होतं. खरेदीखत तीन आठवड्यांपूर्वी झालं होतं, फेरफार तेवढा मंजूर व्हायचा होता. तो कागद अण्णांनी घडी घालून दोन महिने उशाखाली ठेवला होता. खरं कळल्यावर ते काकांना एवढंच म्हणाले, "विकलं म्हणाला असतास तर मी रागावलो असतो, बस."

म्हणून हा मथळा वाचून राहवलं नाही. तज्ज्ञांना माहीत नसेल तर 'अंदाज अनिश्चित' लिहा. कुणी बाजू घेत नसेल तर 'तटस्थ' आहे, धड बोलत नसेल तर 'गुळमुळीत' आहे. पण एखादा अधिकारी फाइलवर सही करून आलेला असताना 'प्रस्ताव विचाराधीन होता' असं सांगेल, त्या दिवशी पहिल्या पानावर मोठ्या टाइपात 'नरो वा कुंजरो वा' छापा.

आपली,
एक निवृत्त लघुलेखिका, कराड