माझ्या प्रत्येक फोटोत तीच घार : न तपासता परत दिलेल्या कॅमेऱ्याबद्दल तक्रार

दिनांक : १७ फेब्रुवारी २०२५
परळ, मुंबई

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : वॉरंटीतल्या कॅमेऱ्याच्या सेन्सरवरील डाग आणि सर्व्हिस सेंटरने घेतलेले ५९० रुपये

महोदय,

गेल्या दसऱ्याला मी फोर्टमधल्या एका दुकानातून तुमच्या कंपनीचा डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा कॅमेरा घेतला, १८-५५ मिमीच्या लेन्ससकट, ४३ हजारांना. वयाच्या ५६व्या वर्षी माझा हा पहिला डिजिटल कॅमेरा. त्याआधी हाताळलेला कॅमेरा म्हणजे वडिलांचा रोलवाला. ३६ फोटोंचा एक रोल गणपतीपासून दिवाळीपर्यंत पुरवायचा, असा आमच्याकडे दंडक होता. त्यामुळे पहिले दोन महिने मी हावऱ्यासारखी फोटो काढत सुटले, सगळे ऑटोवर. डिसेंबरात डायल ऑटोवरून हलवायचं धाडस केलं आणि तिथून या तक्रारीला सुरुवात झाली.

जानेवारीत शिवडीला फ्लेमिंगो बघायला गेले. भरतीचं पाणी चढू लागलं की पक्षी चिखलावरून काठाकडे सरकतात, म्हणून वेळ बघूनच जावं लागतं. माझ्या लेन्समध्ये ते गुलाबी ठिपक्यांएवढेच आले (हा दोष तुमचा नाही), पण आकाशात डावीकडे वर एक घार आली होती. शेजारणीने तिचंच जास्त कौतुक केलं. पुढच्या रविवारी मरीन ड्राइव्हला तीच घार, त्याच जागी. मग बाणगंगेला मी कॅमेरा उभा धरला, तर घार डाव्या कोपऱ्यात खाली, थेट तळ्याच्या पाण्यात! तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली.

घरी आल्यावर पांढऱ्या भिंतीचे फोटो काढले, लेन्सचं छिद्र लहान-मोठं करत (एफचा आकडा जितका मोठा, तितकं छिद्र बारीक). एफ २२ ला राखाडी ठिपका स्वच्छ दिसतो, एफ १६ ला दिसतो, एफ ८ ला पुसट होतो आणि एफ ३.५ ला नाहीसा होतो. फोटो काढताना मुद्दाम कॅमेरा हलवला. भिंत फराटली, ठिपका जागचा हलला नाही. म्हणजे तो भिंतीवर नाही, कॅमेऱ्यात फोटो टिपणाऱ्या सेन्सरसमोरच्या काचेवर आहे. छिद्र बारीक केलं की प्रकाश अरुंद झोताने येतो आणि काचेवरच्या कणाची सावली ठसठशीत पडते. छिद्र मोठं असलं की ती पसरून विरते. चार महिन्यांपूर्वी डायल फिरवायला घाबरणाऱ्या बाईला हे समजलं, तर तुमच्या तंत्रज्ञाला समजायला हरकत नसावी. मेनूतलं सेन्सर क्लीनिंगही पाच-सहा वेळा करून पाहिलं. कॅमेरा घुर्रर्र करतो, घार तिथेच.

२७ जानेवारीला कॅमेरा तुमच्या सर्व्हिस सेंटरला दिला. आठ दिवसांनी परत मिळाला. जॉब शीटवर शेरा : 'दोष आढळला नाही.' तपासणी शुल्क ५०० आणि जीएसटी धरून ५९० रुपये. मी फोनवर जाब विचारला, तर उत्तर मिळालं की मुंबईच्या दमट हवेत लेन्स काढघाल केल्यामुळे धूळ बसली आहे, ती वॉरंटीत येत नाही. दोष नाही, तर धूळ कुठली? आणि माझ्याकडे लेन्सच एक आहे. दुकानदाराने काउंटरवर चढवून दिली, त्यानंतर ती एकदाही निघालेली नाही.

आता मुख्य मुद्दा. कॅमेऱ्यात माझं मेमरी कार्ड तसंच राहिलं होतं. माझा शेवटचा फोटो २३१८ क्रमांकाचा. २३१९ तुमच्याकडचा आहे : छत, ट्यूबलाइट आणि पंख्याचं अर्धं पातं. घरी येऊन मी काढलेला पहिला फोटो २३२०. म्हणजे आठ दिवसांत तपासणी म्हणून एकच फोटो काढला गेला आणि त्याच्या माहितीत लिहिलंय एफ ३.५. ज्या छिद्राला ठिपका दिसूच शकत नाही, नेमक्या त्या छिद्राला! मी कॅमेऱ्यासोबत दिलेल्या चिठ्ठीत 'एफ १६ किंवा २२ ला बघा' असं लिहिलं होतं. ती चिठ्ठी बॅगेत घडीही न मोडता परत आली.

माझं म्हणणं एवढंच : सेन्सर वॉरंटीत विनामूल्य साफ करा. शटरच्या यंत्रणेतून वंगणाचे थेंब उडतात का, तेही बघा, कारण लेन्स न काढता कण आला असेल तर तो आतूनही आलेला असू शकतो. कॅमेरा परत देताना पांढऱ्या पार्श्वभूमीवर एफ २२ ला काढलेला फोटो सोबत द्या. आणि माझे ५९० रुपये परत करा.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन. त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक स्वतः राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो आणि माझ्या रकमेसाठी शुल्कही भरावं लागत नाही.

बिल, वॉरंटी कार्ड, जॉब शीट यांच्या प्रती आणि सात फोटो सोबत जोडले आहेत. त्यातला एक तुमच्या पंख्याचा. फ्लेमिंगो पावसाळ्याआधी निघून जातात, तेव्हा कॅमेरा मार्चमध्ये हातात मिळावा. फोन संध्याकाळी सहानंतर करावा, आधी मी ऑफिसात असते.

आपली ग्राहक
(नाव, पत्ता व फोन बिलावर आहे)