फुली मारण्याआधी

संपादक महोदय,

माझा नातू दुसरीत आहे. शाळेत आकड्यांचे श्रुतलेखन झाले, त्यात त्याने सत्तावीसला ७२ लिहिले आणि एकोणतीसला ३९. वहीवर लाल फुल्या, खाली ‘दहा वेळा लिही’. मी विचारले तर म्हणाला, “आजी, ‘सत्ता’ आधी ऐकू येतं ना!” कानाने ऐकले त्याच क्रमाने हात चालला. एकोणतीसात तर ‘तीस’ ऐकू येते आणि आकडा मात्र विशीतला! पुढे ९९ला तो ‘एकोणशंभर’ म्हणाला. याला चूक म्हणायचे, की नियम पुरता कळल्याची खूण? ‘मी अभ्यास करला’ म्हणणारी मुलेही हेच करतात.

ब्रिटिश भाषातज्ज्ञ पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्येच मांडले होते, की बोलताना जीभ घसरणे वेगळे आणि पुन्हा पुन्हा होणारी चूक वेगळी. अशा पुन्हा पुन्हा होणाऱ्या चुकीत शिकणाऱ्याच्या डोक्यातला नियम दिसतो. २०१९ मध्ये बालभारतीने सत्तावीसला ‘वीस सात’ म्हणण्याची पद्धत आणली तेव्हा आपण विनोद करून मोकळे झालो. मलाही ती रुचली नव्हती, पण मुलांची अडचण खरी होती.

वजाबाकीतही तेच. ५२ वजा ३८ बरोबर २६ लिहिणारे मूल वर-खाली न बघता मोठ्या अंकातून लहान वजा करते, आणि दर वेळी तसेच करते. नोकरीत असताना अशा कितीतरी वह्या मी नुसत्या फुल्या मारून परत केल्या.

– एक निवृत्त शिक्षिका, सातारा