आधी चेंबर उघडले, मग कुदळ उचलली : ड्रेनेजच्या मंडळींना आभाराचे पत्र

पालिकेच्या ड्रेनेज तपासणी पथकाचे मुकादमसाहेब आणि पथकातील सर्व मंडळी, सप्रेम नमस्कार.

सांगलीत नळकाम आणि ड्रेनेजचे काम करणाऱ्या आम्हा कारागिरांकडून हे पत्र. घराघरांतल्या खासगी ड्रेनेज लाइनी तपासून, दोष नेमका कुठे आहे ते मालकाला दाखवून, मगच खोदायला हात घालायचा, हा तुमचा शिरस्ता. यंदा पावसाळ्यापूर्वी गावभागातल्या आणि नदीकडच्या गल्ल्यांत तुम्ही त्याच रीतीने काम केलेत. त्याबद्दल मनापासून आभार. हे पत्र उघड लिहितो आहोत, कारण तुमची पद्धत घरमालकांनीही समजून घ्यावी असे आम्हाला वाटते. फरशी फोडण्याचा खर्च आणि मनस्ताप पुष्कळदा केवळ घाईने होतो.

लाइन तुंबली की पहिला प्रश्न ‘कुणाची?’ हाच. घराच्या आतली लाइन, अंगणातली चेंबरे (लाइन तपासायला ठेवलेले झाकणाचे खड्डे) आणि रस्त्याच्या मुख्य वाहिनीपर्यंतचा जोड सांभाळणे ही मालकाची जबाबदारी. मुख्य वाहिनी पालिकेची. वाद होतो तो या दोहोंच्या मधल्या दहा-बारा फुटांवरून. तुम्ही तो चेंबरांची झाकणे काढून सोडवता. वरचे चेंबर भरलेले आणि खालचे कोरडे असेल, तर अडथळा त्या दोघांच्या मधल्या पाइपात. घरातली सगळी चेंबरे भरलेली आणि रस्त्यावरचे मॅनहोलही तुडुंब असेल, तर घरात बांबू घालून काही उपयोग नाही, काम रस्त्यावरचे. मॅनहोल वाहते आहे आणि हद्दीवरचे शेवटचे चेंबर भरले आहे, तर दोष त्या वादाच्या दहा-बारा फुटांतच. ही पाच मिनिटांची तपासणी कुणालाही करता येते. तुम्ही ती मालकाला शेजारी उभे करून करता, म्हणून पुढची भांडणे होत नाहीत. मात्र रस्त्यावरच्या मॅनहोलला नागरिकांनी हात लावू नये, ते झाकण तुम्हीच उघडावे.

रंगाची तपासणी तर तुमच्याकडून सर्वांनी शिकावी. जुन्या वाड्यांचे नकाशे नसतात. वाटण्या झाल्या, मध्ये भिंती आल्या, पण मोरीची लाइन शेजारच्या खोलीखालून जायची ती तशीच राहिली. अशा ठिकाणी चमचाभर हिरवा फ्लुरोसिन रंग बादलीभर पाण्यात मिसळून आधी संडासात, मग मोरीत, मग स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये सोडायचा आणि कोणत्या चेंबरात तो उतरतो ते पाहायचे. दोन जागी एकाच वेळी सोडला तर काहीच कळत नाही, म्हणून प्रत्येक जागेनंतर लाइन स्वच्छ पाण्याने धुवायची. गच्चीच्या पन्हाळीत रंग सोडला आणि तो ड्रेनेजच्या चेंबरात दिसला, तर पावसाचे पाणी चुकीच्या लाइनीत जोडले आहे हे सिद्ध होते. एका जोरदार सरीत गच्चीवरून उतरणारे पाणी चार इंची पाइपाच्या आवाक्याबाहेरचे असते. मग ते तळमजल्याच्या न्हाणी ट्रॅपमधून, म्हणजे न्हाणीघराच्या फरशीतल्या जाळीच्या तोंडातून, वर येते आणि मालक म्हणतो, “पालिकेची लाइन तुंबली.”

त्यानंतर आरसा. वरच्या चेंबरात बॅटरी धरायची, खालच्या चेंबरात तिरका आरसा. पाइप सरळ आणि मोकळा असेल तर पूर्ण गोल उजेड दिसतो. गोल एका बाजूने कापलेला दिसला तर पाइप वाकला किंवा सांधा सरकला आहे. खालचा अर्धा भाग चकाकला तर पाइपाला पोट पडून, म्हणजे तो मध्येच खाली बसून, पाणी साचले आहे. नवीन लाइनीत गोळ्याची चाचणीही घ्यावी. पाइपाच्या आतल्या व्यासापेक्षा १३ मिलिमीटरने लहान असा गुळगुळीत गोळा, म्हणजे १०० मिलिमीटरच्या पाइपाला ८७चा, वरून सोडायचा. तो अडखळला तर सांध्यातून आत आलेले सिमेंट किंवा सरकलेला सांधा शोधायचा. एवढे करूनही उलगडा झाला नाही तरच कॅमेरा. तोही जेटिंगनंतर, म्हणजे जोराच्या पाण्याने लाइन धुतल्यावर, कारण मैल्यात बुडालेल्या काचेतून काही दिसत नाही.

जेटिंग खालच्या चेंबरातून वर, म्हणजे प्रवाहाच्या उलट करता, हेही बरोबर. नोझलच्या मागच्या बाजूच्या फवाऱ्यांनी होज पुढे सरकते आणि गाळ मागे, खालच्या चेंबराकडे ओढला जातो. तिथे जाळी लावून तो वर काढला नाही तर घरातला अडथळा फक्त मुख्य वाहिनीत ढकलला जातो. जुन्या चिनी मातीच्या पाइपात दाब कमी ठेवून सुरुवात करता, ही काळजी आम्ही पाहिली आहे. तडकलेल्या पाइपात एकदम पूर्ण दाब सोडला तर तुकडेच निघून येतात.

सांगलीत पाइप तुटतात त्याचे मुख्य कारण काळी माती, आणि हे तुम्ही प्रत्येक मालकाला न कंटाळता सांगता. ही माती उन्हाळ्यात आकसते, हातभर भेगा पडतात, पावसाळ्यात पुन्हा फुगते. चिनी मातीचे पाइप दोन-तीन फूट लांबीचे आणि सांधे सिमेंटचे, ताठ. माती हलली की पाइप हलतो, सांधा मात्र हलू शकत नाही, तो चिरतो. चिरेतून पाणी झिरपते, आजूबाजूची माती मऊ होऊन वाहून जाते, तिथे पाइप खाली बसतो आणि पोट पडते. पोटात मैला साचतो. ओलाव्याच्या मागावर पिंपळाची, उंबराची मुळे त्याच चिरेतून आत शिरतात आणि आत गेल्यावर त्यांचा झुबका होतो. मुळे कापून आणली की मालकाला वाटते काम झाले. चीर बुजवली नाही तर मुळे पुन्हा येणारच.

म्हणून काळ्या मातीत पाइप नुसता चरीच्या तळावर टेकवू नये. तळ १०-१५ सेंटिमीटर जास्त खोदून तिथे क्रश सँड किंवा बारीक मुरूम भरावा, सॉकेटखाली, म्हणजे सांध्याच्या रुंद तोंडाखाली, थोडी खोलगट जागा ठेवावी म्हणजे पाइप सगळ्या लांबीवर टेकतो, फक्त सांध्यांवर लटकत नाही. पाइपाच्या दोन्ही कुशींत हाताने वाळू ठासावी, ही जागा बहुतेक जण मोकळी सोडतात. माथ्यावर ३० सेंटिमीटरपर्यंत दगडगोटे नसलेला भराव हाताने दाबावा, मग १५-१५ सेंटिमीटरचे थर. उतार चार इंची पाइपाला दहा फुटाला तीन इंच, सहा इंचीला दहा फुटाला दोन इंच. नुसती नजर फसवते, पाणी भरलेली लेव्हल ट्यूब वापरावी. दीड मीटरपेक्षा खोल चर झाली तर फळ्या आणि टेकू लावल्याशिवाय माणूस खाली उतरवू नये. ओली काळी माती ढासळताना सावध होण्याइतका वेळ देत नाही.

पाइप कोणता, हा प्रश्न मालक आम्हालाच विचारतात. घराच्या भिंतीवरून उतरणाऱ्या संडासाच्या पाइपाला करड्या रंगाचा एसडब्ल्यूआर (मैला, सांडपाणी आणि पावसाच्या पाण्यासाठीचा पीव्हीसी पाइप), त्यातही टाइप बी, भारतीय मानक १३५९२ चा. टाइप ए पातळ, तो पावसाच्या पाण्याला आणि हवेच्या पाइपाला. जमिनीखाली गाडायला मानक १५३२८ चा यूपीव्हीसी पाइप, त्यावर एसएन म्हणजे ताठरपणाचा आकडा छापलेला असतो. अंगणात गाडी उभी राहत असेल तर मोठ्या आकड्याचा घ्यावा. काळ्या मातीत रबर रिंगचा सांधा उत्तम, कारण तो थोडा हलला तरी गळत नाही. रिंग बसवताना साबणाचे पाणी लावावे, ग्रीस किंवा ऑइल नको, त्याने रबर फुगून खराब होते. पाइप सॉकेटच्या तळापर्यंत ठोकून बसवू नये, सुमारे १० मिलिमीटर मागे ओढावा, तेवढी फट प्रसरणासाठी लागते.

सर्वांत जास्त चुकतो तो जुन्या चिनी मातीच्या पाइपाला नवीन पीव्हीसी जोडण्याचा सांधा. पीव्हीसी गुळगुळीत असतो, सिमेंट त्याला धरत नाही, केसाएवढी फट राहते. यावर तुम्ही मालकांना सांगितलेला उपाय खात्रीचा आहे. पाइपाच्या टोकाला सॉल्व्हंट सिमेंट (पीव्हीसी चिकटवायचा द्रव) फासून ते ओले असतानाच कोरडी जाड वाळू भुरभुरवायची, वाळल्यावर पाइप खरखरीत होतो, मग मसाला धरतो. चेंबरच्या भिंतीतून पाइप आत घेताना हेच करावे. चेंबरचा तळही सपाट नको. मधून अर्धगोल नाली आणि दोन्ही बाजूंना नालीकडे सहास एक असा उतार, म्हणजे मैला बाजूला चढून बसत नाही. तळ सपाट असलेल्या चेंबरात झुरळे होतात, ही तक्रार तुम्हीही ऐकली असेल.

नवीन सिमेंट सांध्यांची पाणी-चाचणी किमान तीन दिवसांनी करावी. त्याआधी केली तर चांगला सांधाही बिघडतो. नव्या लाइनीला वरच्या टोकाला दीड मीटर उंचीपर्यंत पाणी चढवून पाहतात. चिनी मातीचा पाइप स्वतःच पाणी शोषतो, म्हणून लाइन आधी भरून ठेवावी, नाहीतर शोषलेले पाणी गळती म्हणून मोजले जाते. जुन्या घरगुती लाइनीवर मात्र एवढा दाब देऊ नये असे आमचे मत आहे. खालचे तोंड रबरी बुचाने बंद करून वरचे चेंबर भरायचे, पातळीवर खडूने खूण करायची आणि पाहत राहायचे. तुम्ही तेच केलेत.

गळतीचा धोका फक्त वासाचा नाही. नळाला पाणी ठरावीक वेळी येते, बाकी वेळ पाइप रिकामा असतो. पाणी बंद होताना त्यात ओढ निर्माण होते, आणि गंजलेला नळाचा पाइप गळक्या ड्रेनेजशेजारच्या ओल्या मातीत असेल तर ती घाण आत खेचली जाते. कावीळ आणि जुलाब अशा मार्गानेही घरात येतात. म्हणून पिण्याच्या पाण्याचा पाइप ड्रेनेजपासून तीन मीटर बाजूला घ्यावा. ओलांडावाच लागला तर ड्रेनेजच्या माथ्यापासून किमान अर्धा मीटर वरून. अरुंद बोळात तीन मीटर कुठून आणायचे, हे आम्हाला ठाऊक आहे. तिथे निदान वर-खाली अंतर ठेवावे, आणि पाण्याचा पाइप चेंबरातून किंवा गटारातून अजिबात नेऊ नये. असे पाइप दाखवून ते ताबडतोब हलवायला लावलेत, ते एक काम जरी केले असते तरी आम्ही आभार मानले असते.

पुराचे सांगायलाच हवे. २००५, २०१९ आणि २०२१ साली कृष्णा गावात आली. आयर्विन पुलाजवळची धोक्याची पातळी ४५ फूट, २०१९ साली पाणी ५७ फुटांवर गेले. सखल भागात नदीचे पाणी उंबऱ्यातून येण्याआधी न्हाणी ट्रॅपमधून आणि संडासाच्या भांड्यातून वर येते. त्यासाठी शेवटच्या चेंबरात एका बाजूने उघडणारा झडपेचा व्हॉल्व्ह बसवायला तुम्ही सांगता. त्यासोबतची दोन पथ्येही सांगता, आणि ती मालक विसरतात. झडपेत चिंधी अडकली तर ती मिटत नाही, म्हणून मेअखेरीस ती उघडून धुवायची. आणि झडप मिटलेली असताना घरातले सांडपाणीही बाहेर जात नाही. वरच्या मजल्यावर कुणी बादली ओतली तर ती तळमजल्यावर उगवते, म्हणून अपार्टमेंटमध्ये सर्वांना आधी कळवायला हवे. पूर ओसरल्यावर चेंबरातला गाळ आधी फावड्याने, लांब दांड्याच्या पळीने बाहेर काढावा, मग पाणी मारावे. उलटे केले की सगळ्या गल्लीचा गाळ मुख्य वाहिनीत जाऊन बसतो.

मॅनहोलमध्ये तुम्ही माणूस उतरवला नाहीत. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय गटार किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवून साफ करून घेणे हा गुन्हा आहे, आणि हा कायदा घरमालकालाही लागू होतो. “वास येत नाही, उतर” असे अजून ऐकू येते. हायड्रोजन सल्फाइड वाढला की नाकाची जाणीवच मरते, त्यामुळे वास नसणे ही सुरक्षिततेची खूण नव्हे. तुमच्या मुकादमांनी एका मालकाचा आग्रह शांतपणे नाकारला आणि जेटिंग-सक्शनची गाडी येईपर्यंत सगळ्यांना थांबवले. आमच्यातल्या तरुण पोरांनी ते पाहिले. आता आम्हीही तेच उत्तर देतो.

कायद्याच्या बाजूबद्दल थोडक्यात. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाप्रमाणे खासगी ड्रेनेज तपासण्याचा आणि त्यासाठी जमीन उघडण्याचा अधिकार पालिकेला आहे. लाइन शाबूत निघाली तर खोदलेले पूर्ववत करण्याचा खर्च पालिकेचा, दोष निघाला तर मालकाचा. तुम्ही हे काम सुरू करण्याआधी सांगता, त्यामुळे दार उघडायला लोक कचरत नाहीत.

एक विनंती आहे. तपासणीनंतर प्रत्येक घरी तुम्ही कागदावर चेंबरांच्या जागा, खोली, पाइपाचा व्यास आणि कॅमेऱ्याच्या केबलवरचे दोषाचे अंतर मीटरमध्ये लिहून दिलेत. त्याची एक प्रत वॉर्ड कार्यालयातही ठेवावी, म्हणजे घर विकले गेले किंवा कारागीर बदलला तरी पुढच्याला फरशी फोडून शोधत बसावे लागणार नाही. मालकांनी आपली प्रत वीजबिलांच्या फाइलमध्ये ठेवावी. आम्ही केलेल्या दुरुस्त्यांच्या नोंदी त्याच कागदावर, तारखेसह करू, आणि झडपांच्या मेअखेरच्या सफाईला तुमच्यासोबत येऊ. दिवस ठरला की निरोप द्या.

आपले नम्र,
सांगलीतील नळकाम व ड्रेनेजचे कारागीर